मुलगा कोणत्या भाषेत आहे?

मागच्या महिन्यात सकाळी दहाच्या सुमाराला हैदराबादहून एका मुलाचा फोन आला. मी मेथी निवडत बसले होते. मुलगा म्हणाला, "मावशी, दोनच मिनिटं घेतो. जावा चालू ठेवू का पायथन घेऊ? लग्नाच्या दृष्टीनं विचारून राहिलो."

मी म्हणाले, "तू मुखेडचा ना रे? आधी हे सांग, तुला मुलगी कशी पाहिजे? नोकरीवाली का घरातली?"

"ते नंतर बघू मावशी. आधी भाषेचं सांगा. क्लासवाले उद्यापर्यंतच थांबायला तयार हायत."

त्याला मी "मला नाही माहीत" म्हणाले. मला कॉम्प्युटरमधलं, त्याच्या भाषांमधलं काही कळत नाही, हे इथंच कबूल करते. मी नांदेडला वजिराबादेत वधूवर सूचक केंद्र चालवते. त्याआधी मी टेलिफोन ऑपरेटर होते. माझ्या वडिलांनी फार विचार करून मला त्या नोकरीला चिकटवलं होतं. लोक बोलायचे काही थांबणार नाहीत, तेव्हा हे खातं काही बंद पडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक खरंच थांबले नाहीत. आधी बोलत नव्हते इतके बोलायला लागले. फक्त बोलायला त्यांना मी लागेनाशी झाले. स्वेच्छानिवृत्तीचा कागद हातात घेऊन घरी आले, पुढच्या खोलीत एक टेबल टाकलं आणि लोकांच्या लाइनी जोडायचं तेच काम दुसऱ्या प्रकारानं सुरू केलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचं काम म्हणजे फोटो दाखवणं. फोटो तर मोबाइलमध्ये कुणीही दाखवतो. आमचं खरं काम फॉर्म वाचणं. दोन पानांचा फॉर्म असतो आणि त्यात जे लिहिलेलं नसतं ते आम्हाला दिसावं लागतं. 'नोकरी नामांकित कंपनीत' असं असेल तर कंपनीचं नाव घ्यायची सोय नाही. 'शेती बागायती' म्हणजे विहीर आहे, पाण्याचं विचारू नका. 'अपेक्षा काही नाही' असं लिहिणाऱ्याकडं दोनदा जावं लागतं, खरी अपेक्षा दुसऱ्या खेपेला कळते. हे मी दुसऱ्यांच्या फॉर्मबद्दल सांगते आहे. माझ्या केंद्रातले फॉर्म मी स्वतः टाइप करते आणि टाइप करताना थोडा हात फिरवते. खोटं लिहीत नाही. एखादा शब्द गाळते, एखादा वजनदार घालते. या धंद्यात सगळेच करतात. आता जे सांगणार आहे ते याच सवयीमुळं घडलं.

पूर्वी 'मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. मिलिटरीत आहे म्हटल्यावर कुणी विचारतं का, कोणती बंदूक चालवतो? तसंच. पुण्यात किंवा हैदराबादेत आहे, शनिवार-रविवार सुट्टी आहे, झालं. मग कधीतरी टीव्हीवर नोकऱ्या जायच्या बातम्या सुरू झाल्या आणि मुलींचे बाप एकदम जागे झाले. आता पहिला प्रश्न यायला लागला, "मुलगा कोणत्या भाषेत आहे?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मी भाबडेपणानं "मराठी" म्हणाले होते.

हळूहळू शिकले. बाप लोक माझ्यापेक्षा भराभर शिकले. भोकरकडच्या एका शेतकऱ्याला मी सांगितलं की मुलगा क्लाउडमध्ये आहे. ते म्हणाले, "क्लाउड म्हंजी?" मी म्हणाले, "ढग." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, तीस वर्षं झाली मी ढगाकडंच बघून राहिलो. आता जावई तरी जमिनीवरचा दाखवा." परभणीच्या एक बाई फुल स्टॅकवर अडून बसल्या होत्या. त्याचा अर्थ त्यांनाही माहीत नव्हता आणि मलाही. पण थोरल्या जावेच्या मुलीला हाफ मिळाला असं त्यांचं मत होतं आणि आपल्या मुलीला त्या अर्ध्यात देणार नव्हत्या.

मुलांचं आणखी निराळं. त्यांना कळलं होतं की भाषा बदलली की स्थळं बदलतात. एकानं तर वर्षात तीन फॉर्म दिले. फोटो तोच, उंची तीच, भाषा दर वेळी नवी. मी विचारलं, "अरे, तुला यातलं नेमकं येतं काय?" तो म्हणाला, "मावशी, मार्केटला जे चालतं ते येतं."

या सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे लातूरचे व्यंकटराव. कालव्याच्या कामावरून निवृत्त झालेले अभियंते, औसा रोडला स्वतःचं घर, आणि मंजुषा ही एकुलती एक मुलगी. मंजुषा इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवायची. फॉर्मवर मी 'प्राध्यापिका' असं लिहिलं होतं. व्यंकटरावांना मुलीसाठी पक्क्या नोकरीचा मुलगा हवा होता आणि पक्कं म्हणजे काय, याचा त्यांनी अभ्यास केला होता. वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्या कापून त्यांनी एक जाड फाइल केली होती. पुढच्या दहा वर्षांत कोणत्या भाषा चालतील आणि कोणत्या बुडतील, हे सगळं त्यात होतं. चालणाऱ्या भाषेवर निळी रेघ, बुडणारीवर लाल. काही भाषांवर दोन्ही रेघा होत्या, कारण पुरवण्यांचं मत दर दिवाळीला बदलायचं.

मुलगा घरी आला की चहाच्या आधी फाइल यायची. पहिल्या मुलाला त्यांनी वेबसाइटी बनवतो म्हणून नापास केलं. "वेबसाइट आता दुकानदारसुद्धा स्वतः करतो." दुसरा टेस्टिंगमध्ये होता. म्हणजे काय ते त्यानं नीट समजावून सांगितलं, तर व्यंकटराव मला दारात सोडायला येऊन म्हणाले, "दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढतो. घरात काय करील?" तिसरा मोबाइलचे अॅप करायचा. त्याला त्यांनी विचारलं, "मोबाइल किती वर्षं राहतील असं तुम्हाला वाटतं?" त्या मुलाला घाम फुटला. आतल्या दाराशी मंजुषा उभी होती. ती हसू दाबते आहे असं मला वाटलं.

तीन मुलं परत गेली तेव्हा मी बालाजीचा फॉर्म काढला.

बालाजी उमरीजवळच्या एका खेड्यातला. वडील मारोतराव, घरची शेती, आई सोजरबाई. पोरगं अभ्यासात हुशार, नांदेडला इंजिनिअरिंग करून हैदराबादला लागलेलं. सहा वर्षं एकाच कंपनीत, एकाच कामावर. असा फॉर्म हल्ली दुर्मीळ. भाषेच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, कोबोल. मी ऐकलेली नव्हती. म्हटलं, नवीनच काहीतरी निघालेली दिसते.

लातूरला आम्ही सगळे गेलो. बशांतून मुरमुऱ्यांचा सुशीला आला. फाइल आली. व्यंकटरावांनी विचारलं, "कोणत्या भाषेत?"

"कोबोल," बालाजी म्हणाला.

व्यंकटरावांनी फाइल उघडलीच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडं बघत राहिले. "अहो, ही मी कॉलेजात असताना होती! आमच्या सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ही आता जाणार."

"हाव काका. अजून तरी गेली नाही."

"म्हणजे जायचीच राहिलीय ना?"

"आमच्या कंपनीत दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी बंद करू. मी लागलो तव्हापासून ऐकून राहिलो. त्या भाषेत लिहिलेलं इतकं पसरलेलं आहे की हात लावायला लोक भितात. आम्ही आठजण आहोत, आम्हाला वाचता येतं."

"आठच?" व्यंकटराव म्हणाले. त्यांना ते फार भयंकर वाटलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, आठच माणसांना येणारं काम म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती. पण त्या दिवशी मीही मनात म्हणाले, अरेरे, आठच.

मग रिवाजाप्रमाणं मुलामुलीला गच्चीवर पाठवलं. दहा मिनिटं म्हणून गेलेली दोघं पाऊण तासानं खाली आली. मंजुषाच्या आई, मालतीबाई, माझ्याकडं बघून नुसत्या हसल्या. खाली मारोतराव आणि व्यंकटराव यांचं तुरीच्या भावावर चांगलं जमलं होतं. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांचा फोन. "नलूताई, मुलगा गुणी आहे. खानदान चांगलं आहे. पण भाषा मेलेली आहे. मी मुलगी मेलेल्या भाषेत कशी देऊ?"

मी बालाजीला कळवलं. तो म्हणाला, "मावशी, मंजुषा नाही म्हणाली का?"

"ती काहीच म्हणाली नाही. वडील नाही म्हणाले."

"मग मी काय करू?"

इथं मी "मला नाही माहीत" म्हणायला पाहिजे होतं. त्यानं लग्नाचं विचारलं होतं आणि लग्नातलं मला कळतं, म्हणून मी उत्तर दिलं. व्यंकटरावांच्या फाइलीत त्या वर्षी सगळ्यात ठळक निळी रेघ कशावर होती, ते मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहून आणलं होतं. डेटा सायन्स. तेच त्याला वाचून दाखवलं.

"ते शिक," मी म्हणाले. "सहा महिन्यांचा क्लास असतो म्हणतात. शिकलास की मी फॉर्म नवा करते."

"मावशी, मला आताच्या कामातलं आत्ता कुठं कळायला लागलंय. पहिली दोन वर्षं तर नुसतं वाचण्यात गेली."

"अरे, वाचलेलं कुठं जातं? नवीनही तितक्यात येईल. तुझं डोकं चांगलं आहे."

मी आणखीही बोलले. पुढच्या दहा वर्षांचं बोलले, बायको-लेकरांचं बोलले, फाइलीतली वाक्यं जशीच्या तशी बोलले. तो ऐकत गेला. खेड्यातनं आलेली मुलं वडीलधाऱ्या माणसाचं ऐकतात, आणि त्यांच्या ओळखीत इंग्रजी वाचणारी मी एकटी वडीलधारी होते.

बालाजीनं क्लास लावला. क्लास पुण्याला होता, पूर्ण वेळ. म्हणून नोकरी सोडली. सोडायच्या आधी कंपनीनं त्याला तीन महिने थांबवून घेतलं आणि त्याच्या जागी येणाऱ्या मुलीला शिकवायला लावलं. बालाजीनं शंभर-सव्वाशे पानांची वही लिहून दिली तिला. तो असाच आहे, अर्धवट काही करत नाही.

क्लास संपला आणि पुण्यातच एका लहानशा कंपनीत त्याला नोकरी मिळाली. मी फॉर्म नवा केला. नोकरीच्या रकान्यात 'डेटा सायंटिस्ट' असं लिहिलं आणि माझाच हात फिरवून कंसात 'शास्त्रज्ञ' घातलं. व्यंकटरावांचा त्याच दिवशी फोन आला. आवाजच बदललेला. "नलूताई, याला म्हणतात काळाबरोबर चालणारा मुलगा! मी सगळ्यांना सांगितलं, जावई शास्त्रज्ञ आहे म्हणून." सुपारी फुटली. लग्नाची तारीख धरली. मला फार अभिमान वाटला. पुढच्या चार मुलांना मी हेच उदाहरण सांगून क्लासला पाठवलं. ती मुलं कुठं आहेत हे आता कुणी विचारू नये.

लग्नाला दोन महिने राहिले असतील. एका दुपारी बालाजी फोन न करता थेट केंद्रात आला. समोरच्या खुर्चीत एक कुटुंब फोटो बघत होतं, तर हा बाहेर चपलांपाशी उभा राहिला. ते लोक गेल्यावर आत आला.

"मावशी, आमचा सगळा विभाग बंद केला."

"कसला विभाग?"

"माझा. चौदाजण होतो. आम्ही जे करायचो ते आता यंत्रच करतंय. मागचे पाच महिने आम्ही त्या यंत्राला शिकवत होतो. आम्हाला वाटलं, मदतीला घेतलंय."

मी दार लोटून घेतलं. आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं जे पहिलं तोंडाला आलं ते बोलले. "हे बघ, कुणाला बोलू नकोस. दोन महिन्यांत दुसरी मिळेल. लग्न होऊ दे, मग बघू."

"न्हाई मावशी."

"अरे, पत्रिका छापायला गेल्यात."

"म्हणून तर. मी उद्या लातूरला चाललो. तुम्ही येता का?"

मी गेले. त्याच्या काळजीनं गेले असं लिहायला मला आवडलं असतं. काळजी होतीच. पण व्यंकटराव गावभर आमच्या केंद्राला नावं ठेवतील ही भीती त्याहून मोठी होती.

सकाळची लातूर गाडी धरली. लोह्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून माझ्यासाठी चहा घेऊन आला, आणि एकदम म्हणाला, "मावशी, तुम्हाला टेलिफोनमधलं काम आवडायचं?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "आवडायचं. नुसत्या खरखरीवरून मी सांगायची, लाइन देगलूरची आहे का किनवटची. पाऊस कुठं पडतोय तेसुद्धा कळायचं."

"मग सोडताना?"

"मी कुठं सोडलं? ते सुटलं."

तो म्हणाला, "मी सोडलं," आणि कप टाकायला खाली उतरला. चाकूर मागं पडलं, लातूर आलं.

व्यंकटराव घरात होते, मंजुषा कॉलेजातून यायची होती. बालाजी खुर्चीत बसलाच नाही. उभ्यानंच सांगून टाकलं, जसं मला सांगितलं तसं. व्यंकटरावांना आधी ते कळेचना. मग ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. भराभर पानं उलटून एक कात्रण बालाजीच्या पुढं धरलं. "हे बघा! यात स्पष्ट लिहिलंय. दहा वर्षं! अजून दीडसुद्धा झालं नाही!"

"हाव काका," बालाजी म्हणाला. "मी पण तेच वाचून गेलो होतो."

पेपरवाल्यांवर राग काढून झाल्यावर व्यंकटराव माझ्याकडं वळले. "नलूताई, तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून लिहिलं होतं! ही सरळ फसवणूक आहे. मी हे लग्न मोडतो."

मला तोंड वर करता येईना. तेवढ्यात फाटक वाजलं आणि मंजुषा आत आली, वडिलांचा चढलेला आवाज तिनं बाहेरूनच ऐकला असावा. खांद्यावर पर्स, बोटांना खडू. तिनं आमच्या तिघांचे चेहरे बघितले आणि बालाजीला विचारलं, "सांगितलंस का?"

म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "याच्या फॉर्मवर शास्त्रज्ञ लिहिलं ही फसवणूक. मग माझ्या फॉर्मवर प्राध्यापिका कुणी लिहिलं?"

मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"मी तासावर शिकवते," ती मला म्हणाली. "बाबांनी तुम्हाला तासिका तत्त्वावर असं लिहून दिलं होतं. तुम्ही ते गाळलं आणि बाबांना बरं वाटलं. सहा वर्षं झाली मावशी. दर जूनला माझी नव्यानं मुलाखत होते. जेवढे तास घेतले तेवढंच मिळतं, सुट्टीत काहीच नाही. आणि त्या तासाला मी काय शिकवते माहीत आहे? कोणती भाषा शिकली की नोकरी पक्की राहते ते. मुलं लिहून घेतात."

"तो मामला वेगळा आहे," व्यंकटराव म्हणाले. "तू मुलगी आहेस."

"याला मी पहिल्याच दिवशी गच्चीवर सांगितलं. यानं त्याचं सांगितलं. तो म्हणाला, माझी भाषा म्हातारी आहे. मी म्हणाले, माझी नोकरी तासाची आहे. आम्हाला दोघांनाही काही फसवणूक वाटली नाही. खाली तुमचा तुरीचा भाव चालला होता."

व्यंकटराव खुर्चीत बसले. त्यांचा राग गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवत नव्हतं. म्हाताऱ्या बापाची साधी भीती होती ती. "पण पोरी," ते म्हणाले, "मग राहायचं कशावर?"

मंजुषा म्हणाली, "दोघांपैकी एकाचं तरी काही ना काही चालू राहील. दोघांचं एकदम गेलं तर तेव्हा बघू."

"तेव्हा बघू म्हणजे काय? माणसानं एक पक्कं काम धरावं आणि शेवटपर्यंत करावं. मी नाही केलं?"

आतापर्यंत दारात पदर सावरून उभ्या असलेल्या मालतीबाई पुढं आल्या. "केलंत की. तीस वर्षं कालवा खोदलात. त्यात पाणी आलं का?"

"पाण्याचा इथं काय संबंध?"

"तेच म्हणते. पाण्याचा संबंध नसूनही पेन्शन आली. तसली नोकरी आता या लेकरांना कुठून मिळणार? त्यांना काम येतंय एवढं बघा अन् हात धुवून जेवायला बसा. पोरगं सकाळपासून उपाशी असेल."

असा निकाल मी माझ्या केंद्रात कधी बघितला नाही. व्यंकटराव खरंच उठले आणि हात धुवायला गेले. जेवताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं. बालाजीला म्हणाले, "तुमच्या त्या जुन्या कंपनीत विचारून बघा ना."

बालाजीनं विचारलं होतं. ती भाषा अजून गेलेली नव्हती, पण त्याची जागा भरलेली होती. जिला त्यानं शिकवलं होतं ती मुलगी तिथं उत्तम काम करत होती. त्याच्या साहेबांनी फोनवर तिचं कौतुक केलं आणि म्हणाले, "बालाजी, तुझ्या वहीचा फार उपयोग झाला. आता आम्हाला आणखी माणूस लागत नाही."

लग्न लांबलं, मोडलं नाही. मधल्या काळात बालाजीनं नांदेडलाच नोकरी धरली. दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर करणारी एक छोटी कंपनी आहे, सातजणांची. पगार हैदराबादच्या निम्मा. तिथं आणखी एक नवी भाषा शिकावी लागली. ती कोणती, ते त्यानं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मंजुषानं लातूरचे तास सोडून नांदेडला तास मिळवले. व्यंकटरावांनी फाइल टाकून दिली असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. फक्त रेघा मारायला ते आता पेनाऐवजी पेन्सिल वापरतात आणि शेजाऱ्यांच्या मुलींच्या स्थळांना सल्ला देतात.

लग्न उमरीला झालं. अक्षता पडल्या, व्यंकटरावांनी मला मानाची साडी दिली आणि चारचौघांत म्हणाले, "यांच्यामुळं हा योग आला." मी साडी घेतली. परत करायचं मनात होतं, पण गर्दीत ते नाटक दिसलं असतं. मी एका बाजूला खुर्चीवर जाऊन बसले. तिथं बालाजीची आई बसली होती. दोन दिवस उभी राहून पाय सुजलेले, म्हणून कुणीतरी तिला बळंच बसवलेलं. सोजरबाई कधी फार बोलायच्या नाहीत. पण त्या दिवशी माझ्याकडं सरकून हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या हाव, म्हणून इचारते. माझं पोरगं हैदराबादला सहा वर्षं काय करायचं? त्याचा बाप म्हंतो कॉम्प्युटर. ते मलाबी ठावं हाय. पर करायचं काय?"

मी तोंड उघडलं. जावा, पायथन, क्लाउड, फुल स्टॅक, सगळी नावं तोंडात तयार होती. शेकडो फॉर्म मी टाइप केले होते. हा मुलगा दिवसभर काय करायचा, ते मला माहीत नव्हतं.

बालाजी जवळच पाहुण्यांच्या पाया पडत होता. मी त्याला हाक मारली. "बालाजी, तू हैदराबादला काय करायचास ते आईला सांग."

त्याला नवल वाटलं. मुंडावळ्या कानामागं सारून तो आईच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"आई, लई लांब एक देश हाय. तिथं एक विम्याची कंपनी हाय. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना ती दर महिन्याला पैसे पाठवती. कुणाला किती, कोणत्या दिवशी, ते सगळं चाळीस-पन्नास वर्षांमागं कुणीतरी कॉम्प्युटरला लिहून दिलेलं हाय. लिहिणारे आता न्हाईत. मधीच कुठंतरी अडायचं अन् एखाद्या म्हातारीचे पैसे थांबायचे. मग ते माझ्याकडं यायचं. मी ते जुनं लिवलेलं वाचत बसायचो, कुठं अडलं ते हुडकायचो अन् नीट करायचो."

"नीट व्हायचं?"

"हाव."

"म्हातारीला पैसे जायचे?"

"दुसऱ्या दिशी जायचे."

सोजरबाईंनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. हळद लागलेली होती, ती त्यांच्या बोटांना लागली. "लई चांगलं काम व्हतं की रं," त्या म्हणाल्या. "मग सोडलंस कामून?"

बालाजी माझ्याकडं बघेल असं वाटून मी मान खाली घातली. पण त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठला, आईला "असंच, आई" म्हणाला, आणि मग मला म्हणाला, "मावशी, पंगत बसलीय. चला, तुम्ही जेवून घ्या."